वय तीसपर्यंत, पगार मुलाखतीनंतर

"वय २१ ते ३०. पगार पात्रतेनुसार, मुलाखतीनंतर ठरेल. सध्याची पगार स्लिप सोबत आणावी."

अशा भाषेच्या छोट्या जाहिराती मी वर्षानुवर्षं वाचतोय. आमचंही पोट त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे फार तोंड वर करून बोलायची सोय नाही. पण गंमत बघा. मालकाला तुमचं वय कळणार, तुमचा आजचा पगार कळणार. तुम्हाला काय कळणार? पत्ता आणि वेळ.

लोक म्हणतात, खासगी नोकरीत हे असंच चालायचं. अहो, याच महाराष्ट्रात पगाराचा दर कागदावर यावा म्हणून माणसांनी सहा महिने चूल थंड ठेवली आहे.

१९२०च्या दशकातली मुंबई डोळ्यासमोर आणा. ऐंशीच्या आसपास कापड गिरण्या आणि भरती सगळी जॉबरच्या हातात. कोकणातून नाहीतर घाटावरून आलेला गडी सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत, आणि जॉबरची दस्तुरी वेगळी. साच्यावरचं काम तेच, घाम तोच, पण दर प्रत्येक गिरणीचा आपापला. कापडात खोट निघाली की ते कापड कामगाराच्याच गळ्यात मारून पैसे कापायचे. शेजारच्या गिरणीत त्याच कामाला काय मिळतं, हे कुठे लिहिलेलं नसायचं. खोलीवर, खानावळीत कुणी बोललं तर कळायचं.

१९२८च्या एप्रिलमध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. डांगे, अर्जुन आळवे यांची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. कारणं बरीच होती. कमी माणसांत जास्त साचे चालवायची नवी टूम होती, दरकपात होती. पण वाटाघाटीत घोडं अडायचं ते प्रमाणित दरांवर: एका कामाला सगळ्या गिरण्यांत एक दर हवा आणि तो लिहिलेला हवा. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे प्रश्न गेला, १९२९ मध्ये अहवालही आला. प्रत्यक्षात सगळ्या गिरण्यांना लागू होणारे प्रमाणित दर औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने आले ते १९४७ साली. २६ दिवसांच्या कामाला किमान मूळ पगार ३० रुपये. एक दरपत्रक मिळवायला एकोणीस वर्षं गेली.

त्या कागदाचा उपयोग काय, हे कळायला आणखी तीस वर्षं पुढे जाऊ. मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतली जुनी जहाज कंपनी. तिथे ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई 'कॉन्फिडेन्शियल' लेडी स्टेनोग्राफर होत्या. १९७७च्या जूनमध्ये त्यांना कामावरून कमी केलं. त्यांनी समान वेतन कायद्याखाली तक्रार केली: पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार, आम्हाला कमी, काम एकच. कंपनी म्हणाली, हे सगळं १९७५ला युनियनशी झालेल्या करारात ठरलंय, आणि आमची आर्थिक परिस्थितीही नाजूक आहे. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखंच असल्याचं मान्य केलं आणि तरी करारावर बोट ठेवून तक्रार फेटाळली! अपिलात मात्र फरकाचे ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यायचा आदेश झाला. प्रकरण हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च १९८७ मध्ये बाई जिंकल्या. करार कायद्यापेक्षा मोठा नाही आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं कोर्टाने सांगितलं.

आता यातली गोम बघा. करार बाईंच्या विरोधात होता, पण तो कागदावर होता. पुरुषांना काय आणि बायकांना काय, हे दोन्ही लिहिलेलं होतं. म्हणून पैशापर्यंत फरक काढता आला.

कागद नसला की काय होतं? अमेरिकेत अलाबामा राज्यात गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर १९७९ पासून सुपरवायझर होत्या. पगाराविषयी कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा तिथला शिरस्ता. निवृत्ती जवळ आली तेव्हा कुणीतरी त्यांच्यासाठी निनावी चिठ्ठी ठेवली. त्यांचा पगार महिना ३,७२७ डॉलर, तर त्याच कामावरच्या पुरुषांचा ४,२८६ ते ५,२३६. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००७ मध्ये त्या हरल्या. का, तर पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार करायची कशी? २००९ मध्ये ओबामांनी त्यांच्या नावाच्या कायद्यावर सही केली, पण बाईंच्या हाती त्या पैशातला एक डॉलरही आला नाही.

वयाचं तर आपल्याकडे आणखी अवघड आहे. संविधानाच्या १५व्या आणि १६व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको असं आहे. वयाचा उल्लेख नाही. अमेरिकेने १९६७ मध्येच चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा कायदा केला. आपण केला नाही. एअर इंडियाचा नियम होता: हवाई सुंदरीने ३५ व्या वर्षी घरी जायचं, त्याआधी गरोदर राहिली तर तेव्हाच. बरोबरीचे पुरुष पर्सर मात्र ५८ पर्यंत. नर्गिस मिर्झा आणि इतर कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट उडवली, मुदतवाढ द्यायची की नाही हा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकारही काढला. पुरुषांपेक्षा लवकर निवृत्त करायचा नियम मात्र तसाच ठेवला. वयाची बाजू कोर्टातही लंगडी पडते ती अशी.

सरकारी नोकरीत निदान सगळं लिहिलेलं असतं. झेडपीच्या गुरुजींचा पगार अख्ख्या गावाला पाठ असतो. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी ओरडा केला, तेव्हा २०१६ मध्ये राज्य सरकारने खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. ३३ हा आकडा जीआरमध्ये होता, म्हणून त्यावर भांडता तरी आलं. एमआयडीसीतल्या "तीसच्या आतला पाहिजे" याच्यावर कुणाकडे भांडणार? आणि बंद पडलेल्या कारखान्यातून बेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या फिटरने जायचं कुठे? तो जातो ठेकेदाराकडे. तिथे वय विचारत नाहीत, कारण पगारच तसा असतो.

युरोपियन युनियनने २०२३ मध्ये निर्देश काढलाय: पगाराचा पल्ला उमेदवाराला मुलाखतीआधी सांगायचा आणि आधीचा पगार विचारायचा नाही. आपल्याकडे २०१९च्या वेतन संहितेत पगार आणि भरतीत स्त्री-पुरुष भेद नको असं आहे. वय त्यातही नाही, आणि जाहिरातीत पगार छापायची सक्तीही नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते, हे मला माहीत आहे. कुणाच्या ट्रंकेत त्या काळचं पगाराचं कार्ड किंवा दरपत्रक असेल तर फोटो काढून पाठवा. मूळ कागद जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका.