रिझल्ट कधी लागते, सर?

गेल्या फेब्रुवारीत नागपुरातल्या एका महाविद्यालयात ‘तणावमुक्त विद्यार्थी’ या विषयावर व्याख्यान होतं. अंतिम वर्षाच्या पोरांना सभागृहात आणून बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे मीही ते शेवटपर्यंत ऐकलं. वक्त्यांनी पाण्याचा ग्लास उचलून धरला. मिनिटभर धरला तर काही वाटत नाही, तासभर धरला तर हात दुखतो, दिवसभर धरला तर बधिर होतो. चिंतेचंही तसंच, ती खाली ठेवायला शिका. टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली, तेव्हा मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “हिवाळीचा रिझल्ट कधी लागते, सर?” सभागृह हसलं, वक्तेही हसले. म्हणाले, तो माझा विषय नाही.

माझं म्हणणं असं की त्या दुपारी विषयाला धरून बोललेला तो मुलगा एकटाच होता.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, नाहीतर वितंडा होईल. आजची पोरं नाजूक आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आईबापांनी लाडावलेली, मोबाईलने पोखरलेली, नकार पचवता न येणारी. आम्ही सायकल हाणत कॉलेजला गेलो, डिग्री झाल्यावर मिळेल ती नोकरी धरली, आम्हाला कुठे होतं टेन्शन? यांना सगळं मिळतं आणि तरी रात्रभर झोप नाही. तेव्हा बिघाड मनात आहे आणि इलाजही मनावरच करायचा: ध्यान, प्राणायाम, सकारात्मक विचार, नाहीतर समुपदेशकाची खोली. हे मी पालकसभेत ऐकतो, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वाचतो आणि लग्नाच्या पंगतीत तर हमखास. तिथे त्याची सुरुवात आपल्याकडच्या त्या सनातन प्रश्नाने होते: “मंग, काय करून राह्यला सध्या?”

या मताला जुन्या काळाचा फार आधार वाटतो, म्हणून आधी तिकडे बघू. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 सालची. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर बापाचा पैसा आणि आपली वर्षं घालवून हात हलवत गावी परततो, आणि पुढे काय हे त्याला ठाऊक नसतं. लेखक तेव्हा पंचविशीतला. नागपुरात इंग्रजी शिकवलेल्या महेश एलकुंचवारांची ‘होळी’ ही एकांकिका 1970च्या आसपासची. तिच्यावर केतन मेहतांनी पुढे सिनेमा केला. वसतिगृहातली पोरं, रद्द झालेली सुट्टी, कशाचाच भरवसा नसलेला दिवस, त्यातून उसळलेली हिंसा आणि शेवटी एका मुलाचा गेलेला जीव. खिशात मोबाईल यायला तेव्हा तीस वर्षं अवकाश होता. ‘सुशिक्षित बेकार’ हा शब्दप्रयोगही त्याच काळात मराठीत रुळला. ‘आम्हाला टेन्शन नव्हतं’ म्हणणाऱ्यांच्या पिढीने ते लिहून ठेवलंय, छापलंय, रंगमंचावर आणलंय. ते आता आठवत नाही, एवढंच.

दुसरा मुद्दा मनाच्या खंबीरपणाचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंचेचाळीस जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उलटायचे, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. झटका बसणार हे पक्कं असतं तेव्हा ताण सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटतं. निघालं उलटंच. ताण शिगेला पोचला तो साप असण्या-नसण्याची शक्यता अर्धी-अर्धी असताना. बसणारच आहे म्हटल्यावर माणूस दात आवळून तयार होतो. बसेल की नाही हे कळत नाही तेव्हा घामाघूम होतो. यात कमजोरी काही नाही, शरीर ठाकठीक चाललंय एवढंच दिसतं. धोका कुठल्या दिशेने येणार हे ठरत नसेल तर सगळ्याच दिशांना पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला झोप येत नाही.

आता हा प्रयोग अमरावती रोडवर आणू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923ची, म्हणजे शंभरी उलटली. आपल्याकडे परीक्षांना हिवाळी आणि उन्हाळी म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो की शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत तो लावावाच. नाही जमलं तर कारणांचा अहवाल वर पाठवावा. कायदा करणाऱ्याला निकालाच्या तारखेचं मोल कळलं होतं. एम.ए.चा प्रवेश, पुण्याच्या कंपनीची मुलाखत, बँकेचा फॉर्म, सगळं त्या एका गुणपत्रिकेला टांगलेलं असतं. ती कधी येणार हे माहीत असेल तर पोरगं तोवर गावी जाऊन धान कापायला लागेल. माहीत नसेल तर रोज सकाळी विद्यापीठाची साइट उघडेल. मागच्या रांगेतला तो मुलगा हेच सांगत होता: ग्लास मी धरलेला नाही, माझ्या हातात कोणीतरी दिलाय, आणि खाली कुठे ठेवायचा ते सांगत नाही.

पदवीनंतर तर हा खेळ वर्षांच्या हिशेबाने चालतो. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. खुल्या गटाला शुल्क हजार रुपये, राखीवला नऊशे. ऑगस्टमध्ये परीक्षा सुरू झाली आणि 21 तारखेला सर्व्हर बंद पडल्याने राज्यभर पोरं केंद्रांबाहेर ताटकळली. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेचं स्वरूप वर्णनात्मक करायचं ठरलं ते 2023पासून. पोरं पुण्यात रस्त्यावर बसली तेव्हा 2025वर गेलं. मध्ये ज्यांनी वस्तुनिष्ठची पुस्तकं विकून वर्णनात्मकची घेतली, त्यांना ती पुन्हा बदलावी लागली. आणि त्याआधी, 2021च्या जूनअखेरीस, अभियांत्रिकी सेवेची पूर्व आणि मुख्य परीक्षा पार केलेल्या, पण मुलाखतीची वाट पाहत बसलेल्या एका तरुणाने पुण्यात जीव दिला. कुठल्याही मृत्यूला एकच कारण चिकटवू नये, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर विधिमंडळात सरकारला आयोगाच्या सदस्यांच्याच रिकाम्या जागा भरण्याचं आश्वासन द्यावं लागलं, हीही नोंद आहे. मुलाखत घ्यायला माणसं अपुरी आणि खंबीर कोणी व्हायचं, तर उमेदवाराने!

नंदनवनच्या बाजूला एक अभ्यासिका आहे. माझे दोन-तीन जुने विद्यार्थी तिथे बसतात म्हणून अधूनमधून जातो. प्लायवूडचे खण, प्रत्येकाला नंबर, एक चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत असतो आणि त्यात पाणी टाकायच्या पाळ्या लावलेल्या असतात. एका खणात पुठ्ठ्यावर ‘मिशन 2023’ लिहिलं होतं. पुढच्या वर्षी तीनवर पांढरी शाई लावून चार केला, मग चारचा पाच. शाईचा थर आता बोटाला लागतो. आत कोणी फारसं बोलत नाही, पाणी प्यायला बाहेर आले की एकच विचारतात, “ॲड आली का बे?” ही पोरं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात. यांना नकार पचत नाही म्हणणाऱ्याने एकदा तो पुठ्ठा बघून यावं. नकार मिळाला असता तर यांनी केव्हाच पचवला असता. यांना उत्तरच मिळत नाही.

इथे दुसरा एक पक्ष मध्ये तोंड घालतो. तो म्हणतो, डिग्रीच फालतू झाली, कौशल्य शिका, आवडेल ते करा, कशाला बसता अभ्यासिकेत? पुराव्याला तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2024चा भारतावरचा अहवाल दाखवतो: 2022 साली पदवीधर तरुणांतली बेकारी 29.1 टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली अवघी 3.4. आकडे खरे आहेत, त्यांवरून काढलेला अर्थ घाईचा आहे. निरक्षराला बेकार राहणं परवडत नाही. तो संध्याकाळी चूल पेटावी म्हणून सकाळी ठिय्यावर उभा राहतो. पदवीधराला घरचे दोन-चार वर्षं पोसतात, म्हणून तो वाट पाहू शकतो आणि सर्वेक्षणात ‘बेकार’ म्हणून मोजला जातो. एकोणतीस टक्के पदव्या कुचकामी निघाल्या, असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. एवढी मोठी गर्दी रांगेत उभी आहे, हे मात्र म्हणता येतं. बरं, ‘कौशल्य शिका’ म्हणणारे तरी दुसरं काय करतात? आणखी एका प्रमाणपत्राच्या रांगेत लावतात. रोनाल्ड डोअर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1976 साली याला पदवीरोग म्हटलं होतं: पदव्या वाढल्या की त्याच खुर्चीसाठी मोठी पदवी मागितली जाते. पोलीस शिपायाला बारावी पुरते, आणि धावायला मैदानावर इंजिनिअर येतात.

मुलींचं गणित वेगळंच असतं, ते कोणी व्याख्यानात काढत नाही. त्यांना तारीख मिळते. “एक वर्ष देतो बेटा, नाही झालं तर स्थळं पाहू.” अनिश्चितता नाही म्हणून या मुली निवांत असतात का? अजिबात नाही. तारीख असून भागत नाही, ती कोणी ठरवली हेही बघावं लागतं. माझ्याच मुद्द्याला हा अपवाद आहे, पण तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मग समुपदेशन निरुपयोगी आहे का? असं मी म्हणत नाही, आणि माझ्या नावावर कोणी ते खपवू नये. ज्याची आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यातून मन उठलं, तो आजारी आहे आणि त्याला डॉक्टरच हवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर खणाखणात चिकटवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या आकड्यांत देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. त्यांतल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला समुपदेशक नेमायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण पदवी मिळाली त्या दिवशी मुलगा विद्यार्थ्यांच्या रकान्यातून बाहेर पडतो. अभ्यासिकेत कोणाचा प्रवेश नसतो, हजेरी नसते. महिन्याचं भाडं असतं. सगळ्यात जास्त ताणाची वर्षं नेमकी तिथे जातात, आणि तिथे तो कोणाचाच नसतो. दुर्खीमने 1897 साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला, तो याच मुद्द्यावर की हा आकडा एकेका मनाचा नाही, समाजाच्या बांधणीचा आहे. सव्वाशे वर्षांनी आपण परत ग्लासावर आलो.

आणि सल्ला देतो कोण? माझंच सांगतो. मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवलं. दर वर्षी नवी मुलाखत, तासाप्रमाणे मानधन, तेही कधी दिवाळीनंतर तर कधी मार्चनंतर. उन्हाळ्यात काहीच नाही. त्या काळात मी पोरांना ‘करिअर नियोजन’ शिकवत होतो. एका पोरीने विचारलं, “सर, तुम्ही पुढच्या वर्षी असाल ना?” मी म्हणालो, बघू.

आता माझा पक्ष. ताण हलका व्हायचा असेल तर तारखा पक्क्या व्हाव्या लागतील: निकालाच्या, जाहिरातीच्या, मुलाखतीच्या. ते काम विद्यापीठाचं, आयोगाचं, सरकारचं. त्यांच्याकडून ते होईपर्यंत पोरांनी काय करायचं, तर निदान एक तारीख स्वतः ठरवायची. किती जाहिराती, किती वर्षं, ते कागदावर लिहून घरात एकाला आणि मित्रांत एकाला वाचून दाखवायचं. माझा एक विद्यार्थी पहाटे कॉटन मार्केटमध्ये अडत्याकडे पट्ट्या लिहितो आणि दुपारी अभ्यासिकेत बसतो. सुरुवातीला मित्रांपासून लपवायचा. त्याचा नंबर अजून लागलेला नाही, पण पंगतीतल्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर आहे, आणि तो म्हणतो, “सर, झोप येते आता.” त्याने तीन जाहिराती ठरवल्यात. दोन झाल्या.

यंदाही फेब्रुवारीत व्याख्यान ठेवायचं चाललंय. प्राचार्यांना माझी विनंती आहे: वक्त्यांना जरूर बोलवा, पण त्याआधी परीक्षा विभागाला एक पत्र लिहा आणि त्यांनी दिलेली तारीख फळ्यावर लावा. उत्तर आलं नाही, तर ‘उत्तर आलं नाही’ असंच लिहा. कायद्याने पंचेचाळीस दिवस दिलेत, आणि शेवटचा पेपर कोणत्या दिवशी झाला ते मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला पाठ आहे.