शेजारचं पोर, आपला हौद

या भागाचा विषय एका श्रोत्याने दिला. ते अमेरिकेत डॅलसजवळ राहतात, नुकतंच घर घेतलंय, मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे. घराचा विमा काढायला गेले तर पुढ्यात प्रश्नांची यादी आली. तलावाला कुंपण आहे का? किती उंच? फाटक आपोआप बंद होतं का? अंगणात ट्रॅम्पोलिन आहे का? कुत्रा आहे का, असल्यास कुठल्या जातीचा? त्यांनी मला लिहिलं, "अहो, घराचा विमा म्हणजे आग आणि चोरी. माझ्या अंगणात कोण उड्या मारतं याच्याशी यांना काय करायचंय?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायला मात्र दीडशे-दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि सुरुवात विम्यापासून होत नाही. सुरुवात होते बागेतल्या बंदुकीपासून.

जुन्या इंग्रजी कायद्यात, आणि तिथून अमेरिकेत गेलेल्या कायद्यात, जमीनमालकाचं राज्य जवळजवळ निरंकुश होतं. माझ्या हद्दीत न विचारता शिरलास तर तुझं तू बघ. खड्ड्यात पड, विहिरीत पड, मी जबाबदार नाही. इंग्लंडात लोक बागेत 'स्प्रिंग गन' लावायचे, म्हणजे तार ओढली गेली की आपोआप सुटणारी बंदूक. ब्रिस्टलच्या एका माणसाने महागड्या ट्युलिपच्या फुलांच्या राखणीला ती लावली होती. शेजारची लांडोर उडून त्या बागेत गेली, तिला आणायला एक तरुण पोरगा भिंतीवरून आत उतरला आणि गोळी त्याच्या पायात घुसली. सूचनेची पाटी नव्हती. १८२८ मध्ये निकाल पोराच्या बाजूने लागला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी पार्लमेंटने असल्या बंदुकांवर बंदीही घातली होती. म्हणजे एवढं ठरलं की मुद्दाम सापळा लावता येणार नाही. पण सापळा नाही, नुसता निष्काळजीपणा आहे, त्याचं काय? तिथे कायदा अजून मालकाच्याच बाजूला होता.

आता नेब्रास्का. ब्लेअर नावाचं छोटं गाव, मार्च १८६९. तिथे सू सिटी अँड पॅसिफिक रेल्वेचं टर्नटेबल होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाफेच्या इंजिनाचं तोंड उलट दिशेला करायचं तर ते एका मोठ्या फिरत्या पुलावर उभं करतात आणि तो पूल गोल फिरवतात. वजनदार यंत्र, पण तोल असा साधलेला असतो की दोन पोरंसुद्धा ढकलून फिरवू शकतात. थोडक्यात, जगातला सगळ्यात मोठा चक्री पाळणा. ब्लेअरचं हे यंत्र उघड्यावर होतं. कुंपण नाही, राखणदार नाही, कुलूप नाही, अडकवायची खिटीही मोडलेली. सहा वर्षांचा एक मुलगा नऊ-दहा वर्षांच्या दोन मित्रांबरोबर तिथे गेला. मोठे दोघे ढकलत होते, हा वर चढायला गेला आणि त्याचा पाय फिरता रूळ आणि स्थिर रूळ यांच्या मध्ये चेंगरला.

रेल्वेचं म्हणणं साधं होतं. मुलगा आमच्या हद्दीत घुसला, आम्ही काय करणार? ज्यूरीने साडेसात हजार डॉलर भरपाई दिली, आणि १८७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. या निकालातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, सहा वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या सावधपणाची अपेक्षा करायची नाही, त्याच्या वयाच्या अकलेने त्याला मोजायचं. दोन, रेल्वेच्या एका कामगाराने याआधी पोरांना तिथे खेळताना पाहिलं होतं आणि हाकललंही होतं. म्हणजे पोरं येतात हे ठाऊक होतं. कुंपण किंवा कुलूप लावायला फार खर्चही नव्हता. मग "आम्हाला काय माहीत" हे चालणार नाही.

यातून जो सिद्धांत उभा राहिला त्याला पुढे 'अॅट्रॅक्टिव्ह न्यूसन्स' हे नाव पडलं. मराठीत मी त्याला 'मोहात पाडणारा धोका' म्हणेन. मिनेसोटाच्या न्यायालयाने १८७५ मध्ये असाच आणखी एक टर्नटेबलचा खटला चालवताना म्हटलं की मुलांना ओढून घेईल अशी वस्तू उघड्यावर ठेवणं हे त्यांना बोलावण्यासारखंच आहे. सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. मॅसॅच्युसेट्सने साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, असं धरलं तर प्रत्येक झाड, प्रत्येक तळं, प्रत्येक उंच भिंत मोहात पाडणारी ठरेल. या भीतीत तथ्य नव्हतं असं मला म्हणवत नाही.

आणि मग १९२२ चा तो निकाल, जो वाचून आजही अंगावर काटा येतो. कॅन्ससमधल्या आयोला गावाबाहेर एका रासायनिक कंपनीने जुना कारखाना पाडला होता. तळघराचा खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी साचलं. दिसायला स्वच्छ, पण त्यात गंधकाम्ल मुरलेलं. प्रवासात असलेलं एक कुटुंब जवळपास तंबू ठोकून राहिलं होतं. त्यांची आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं त्या पाण्यात उतरली आणि गेली. खालच्या न्यायालयांनी आईबापांना भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. निकाल लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, अमेरिकन कायद्यातलं केवढं मोठं नाव! त्यांचा तर्क असा की मुलं जिथून हद्दीत शिरली तिथून ते पाणी दिसतच नव्हतं, मग पाण्याने त्यांना बोलावलं असं कसं म्हणणार? शब्दशः तर्क बरोबर, आणि मला विचाराल तर अत्यंत कोरडा. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं, त्यात सरन्यायाधीश टाफ्ट होते, जे त्याआधी राष्ट्राध्यक्ष राहिलेले.

कायद्याने होम्स यांची ही वाट पुढे सोडून दिली. १९३४ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने नुकसानभरपाईच्या कायद्याची जी मांडणी छापली, तिच्या ३३९ व्या कलमात 'बोलावलं' हा शब्दच बाजूला पडला. प्रश्न एवढेच उरले: मुलं इथे येण्याची शक्यता मालकाला ठाऊक होती का, जिवावरचा धोका होता का, तो मुलांना वयामुळे कळण्यासारखा नव्हता का, आणि तो काढायला लागणारा खर्च धोक्याच्या मानाने किरकोळ होता का. एकामागोमाग एक राज्यांनी हे स्वीकारलं.

इथपर्यंत गोष्ट रेल्वे आणि कारखान्यांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती घराच्या मागच्या अंगणात आली. शहराबाहेर नव्या वसाहती, प्रत्येक घराला हिरवळ, आणि हळूहळू मध्यमवर्गाच्याही अंगणात पोहण्याचा तलाव. जे टर्नटेबल एका कंपनीकडे होतं, ते आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरोघरी आलं म्हणा ना.

विम्याची गोष्ट नेमकी याच वळणावर बदलली. तोवर अमेरिकेत आगीचा विमा एका कंपनीकडे, चोरीचा दुसरीकडे, आणि कोणी तुमच्यावर दावा लावला तर त्याचा विमा तिसरीकडे. कायद्यानेच कंपन्यांना सगळं एकत्र विकायला मनाई होती. हे नियम सैल झाले आणि १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकाने (ही कंपनी १७९२ ची, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव गादीवर होते तेव्हाची) आग, चोरी आणि दायित्व एकाच कागदावर आणलं. 'होमओनर्स पॉलिसी' म्हणतात ती हीच.

दायित्व, लायबिलिटी, म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. घराचं नुकसान झालं तर पैसे तुम्हाला मिळतात. दायित्वात तसं नाही. तुमच्या हलगर्जीमुळे दुसऱ्याला इजा झाली, त्याने दावा लावला, तर तुमच्या वतीने कंपनी वकील देते आणि ठरलेल्या रकमेपर्यंत भरपाई भरते. याखेरीज पाहुण्यांच्या औषधपाण्यासाठी एक छोटी रक्कम असते, ती कोणाची चूक हे न बघता मिळते. पण तुमच्या स्वतःच्या घरातलं माणूस, घरात राहणारी तुमची मुलं, यांची इजा या दायित्वात बसत नाही. त्यांच्यासाठी आरोग्यविमा वेगळा. आणि ठरलेल्या रकमेच्या वर दावा गेला तर उरलेलं तुमच्या खिशातून. तलाव असलेले लोक म्हणून वरून आणखी एक 'अंब्रेला पॉलिसी' घेतात.

ट्रॅम्पोलिनचं थोडक्यात सांगतो. जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिस्वोल्ड या दोघांनी १९३४ मध्ये आयोवात ते बनवलं, कसरतपटूंसाठी. पुढे ते शाळांत आणि अंगणात पोचलं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शाळांमधून ते काढा असं सांगितलं, १९९९ मध्ये घरीही नको म्हटलं. विमा कंपन्यांनी हे वाचलं नसतं तरच नवल. आज काही कंपन्या ट्रॅम्पोलिन असलेल्या घराला विमाच देत नाहीत, काही चालवून घेतात पण त्यावरची इजा वगळतात.

आता ओहायोतला एक खटला सांगायलाच हवा. एका जोडप्याने १९९६ मध्ये घर घेतलं. मागे तलाव, तीन वर्षं न वापरलेला. त्यांनी एकदा तो उपसला, त्यावरचं कापड काढलं, दोन बाजूंना असलेलं कुंपणही काढलं आणि मग तसाच सोडला. पावसाचं पाणी साचत सहा फुटांवर गेलं. शिडी नाही, भिंतींवर शेवाळं, आत बेडूक आणि बेडकांची पिल्लं. शंभरेक फुटांवर शेजारी भाड्याने राहणारं कुटुंब. मार्च १९९७ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा बेडकांसाठी तिथे गेला. त्याला वाचवायला आई धावली. दोघंही बुडाली. खालची न्यायालयं म्हणाली, मुलगा आगंतुक होता, मालकाचं देणं लागत नाही. २००१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं, मोहात पाडणाऱ्या धोक्याचा सिद्धांत त्या राज्यात पहिल्यांदा स्वीकारला, आणि मुलाला वाचवायला आलेल्या आईलाही तेच संरक्षण दिलं. ब्लेअरनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी!

म्हणून त्या यादीतला प्रत्येक प्रश्न कोणाच्या तरी मुलापाशी जाऊन थांबतो. कुंपण किमान चार फूट, कॅलिफोर्निया-ॲरिझोनात पाच. फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप अडकणारं, खिटी लहान मुलाच्या हाताला न लागेल इतकी वर. ब्लेअरला मोडकी होती ती हीच खिटी. डॅलसच्या आपल्या श्रोत्यांना मी एकच सांगितलं: प्रश्नाला खरं उत्तर द्या. हप्ता वाचवायला 'ट्रॅम्पोलिन नाही' लिहिलंत आणि नंतर दावा आला, तर कंपनी तोच कागद पुढे करेल. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे, आणि तिथलं पहिलं पोर बहुतेकदा तुमचंच असतं, ज्याला दायित्वाचा विमा लागू नाही.

आणि आपल्याकडे? १९६३ मध्ये बिहारमधल्या एका खटल्याचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. एका माणसाने शेजारणीने आपला संडास वापरू नये म्हणून वाटेत वीजप्रवाह सोडलेली उघडी तार लावली. ती बाई गेली. न्यायालयाने शिक्षा कायम केली, आणि हद्दीत घुसणारा माणूस कायद्याबाहेरचा होत नाही हे स्पष्ट केलं. ब्रिस्टलची बंदूकच ती, फक्त तारेच्या रूपात. आणि रानडुकरांसाठी शेताला करंट सोडणारी तार आपल्या गावांत आजही लावली जाते, तिने माणसं मरतात.

विम्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिचा भर इमारत आणि सामानावर आहे: आग, भूकंप, पूर. शेजाऱ्याचं पोर तुमच्या अंगणात पडलं तर काय, यासाठी वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसी शोधावी लागते, आणि ती मागणारा माणूस मी तरी फारसा पाहिलेला नाही. मे महिन्यात गावाकडे पोरं पाठीला डबा बांधून ज्याच्या विहिरीत पोहायला शिकतात, तो विहीरमालक काठावरून "सांभाळून रे" एवढंच म्हणतो. कठडा नसलेल्या विहिरी तुम्हीही पाहिल्या असतील. तुमच्या गावात अशा विहिरीवर कठडा कोणी बांधला, मालकाने की ग्रामपंचायतीने, आणि कशानंतर, हे मला जरूर लिहून कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.