मासिक पाळीची आणि पाळीपूर्व लक्षणे : शिरूर–दौंड परिसर

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत दर महिन्याला स्त्रीच्या शरीरात आणि मनात जे बदल जाणवतात, त्यांना मिळून पाळीची लक्षणे म्हणतात. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत जाणवतात ती पाळीपूर्व लक्षणे. वैद्यकीय साहित्यात अशा पाळीपूर्व लक्षणांची नोंद दीडशेच्या वर गेली आहे आणि त्यांतली बहुतेक निरोगी शरीराचीच असतात. एकीला कामाच्या रगाड्यात पाळी आली-गेली कळत नाही, तिच्या सख्ख्या बहिणीला पहिला दिवस अंथरुणात काढावा लागतो. दोघीही निरोगी असू शकतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके या नोंदीसाठी निवडले आहेत. ऊसतोड, औद्योगिक वसाहती, रोजचा रेल्वेप्रवास आणि ग्रामीण आरोग्याचे जुने काम या भीमा-घोड खोऱ्यात शेजारी शेजारी आहे आणि पाळीचा विषय त्या प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो.

चक्र मोजताना रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरतात. २८ दिवसांचा आकडा सर्वांच्या तोंडी असला तरी तो सरासरीच्या जवळचा आकडा आहे, नियम नव्हे. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिगो) २०१८ साली मांडलेल्या निकषांप्रमाणे २४ ते ३८ दिवसांचे चक्र आणि आठ दिवसांपर्यंतचा स्राव सामान्य मानला जातो. एकाच स्त्रीची पाळी दर महिन्याला सात-नऊ दिवस मागेपुढे झाली तरी तीही त्यातच बसते. पाळी सुरू झाल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे अंडे दर महिन्याला बाहेर पडतेच असे नाही, म्हणून शाळकरी मुलींमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतरही चालते. सातवी-आठवीतल्या मुलीची पाळी दीड महिना आली नाही म्हणून घरात सुरू होणारी कुजबूज आणि चौकशी यामुळेच अनाठायी ठरते. चाळिशीनंतर चक्र पुन्हा विसकटू लागते. बहुतेक भारतीय स्त्रियांची पाळी पंचेचाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जाते.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे. त्यात गर्भाशयाचे अस्तर आणि चिकट स्राव मिसळलेला असल्यामुळे ते पुष्कळ जास्त वाटते. ८० मिलिलिटरच्या पुढे गेले की ‘जास्त अंगावर जाणे’ म्हणतात. सुरुवातीला आणि शेवटी रक्त तपकिरी किंवा काळपट दिसते. ‘साचलेले घाण रक्त’ ही त्याबद्दलची समजूत चुकीची आहे. रक्त हळूहळू बाहेर येते तेव्हा त्याचा हवेशी संबंध येतो आणि रंग बदलतो, एवढेच. भर स्रावाच्या दिवशी पडणाऱ्या लहान गाठीही नेहमीच्याच.

दुखण्याचे कारण आता नीट कळले आहे. अस्तर सुटू लागले की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निघतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो आणि कळ येते. ती ओटीपोटातून कंबरेत आणि मांड्यांत उतरते. हीच द्रव्ये आतड्यांपर्यंत पोचली की जुलाब, मळमळ, कधी उलटी होते. पाळीच्या पहिल्या दिवशी ‘काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल’ म्हणून मुलीला बोलणी बसतात, तेव्हा दोष बहुधा खाण्याचा नसतो. दुखणे स्रावाच्या काही तास आधी सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ओसरते. कारण सामान्य आहे म्हणून ते मुकाट सोसायचे असा मात्र अर्थ निघत नाही. शाळा, काम किंवा झोप बुडवणाऱ्या दुखण्यावर उपचार मागण्याचा प्रत्येकीला हक्क आहे. ‘लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल’ हा सल्ला उपचार नव्हे. काहींचे दुखणे बाळंतपणानंतर कमी होते, काहींचे होत नाही.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरोखर गुणकारी आहे. चालण्या-फिरण्यानेही बऱ्याच जणींना बरे वाटते. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अडवतात, म्हणून दुखणे विकोपाला जाण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच आणि काही खाऊन घेतली तर अधिक लागू पडतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा करणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली होती. मेडिकलच्या काउंटरवरून सुटी गोळी नेणाऱ्या मुलींना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

चक्राच्या मध्यावर, अंडे बाहेर पडताना, ओटीपोटात एका बाजूला काही तास दुखू शकते. त्या सुमारास जाणारा पाणीदार, तार धरणारा पांढरा स्रावही निरोगीपणाचाच. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा जळजळ असेल तर तो जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. पुढे ऊसतोडीच्या संदर्भात या साध्या फरकाला फार मोठे महत्त्व येते.

पाळीपूर्व लक्षणांचा पसारा सर्वांत मोठा. छाती जड होऊन दुखते, पोट फुगते, अंगठी घट्ट होते, हनुवटीवर मुरमे येतात, बद्धकोष्ठ होते, अर्धशिशी उठते, सांधे आखडतात. गोड किंवा तिखट खाण्याची तीव्र इच्छा होते, झोप एक तर येत नाही किंवा पुरत नाही. लहानशा गोष्टीवरून रडू येते, चिडचिड होते, हिशेबात लक्ष लागत नाही. काही जणींना याउलट अंगात उत्साह संचारल्यासारखा वाटतो. तोही अनुभव खराच. एकाच स्त्रीची लक्षणे वयाप्रमाणे, बाळंतपणानंतर, ताणाच्या महिन्यात बदलतात.

अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये या अवस्थेला ‘पाळीपूर्व ताण’ म्हटले. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी ताणापलीकडची शारीरिक लक्षणेही त्यात घेतली. अंडे बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पाळीआधी घसरते. त्यापासून बनणाऱ्या द्रव्यांचा मेंदूवर परिणाम होतो. फार त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात संप्रेरके साधारण सारखीच सापडतात, फरक असतो तो मेंदूच्या संवेदनशीलतेत. म्हणून एवढ्याच त्रासासाठी संप्रेरकांच्या महागड्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, आणि ‘सगळे मनाचे खेळ’ या शेऱ्यातही नाही. शंभरात साधारण तीन ते आठ जणींना दर महिन्याला इतके नैराश्य किंवा संताप येतो की घर-काम ठप्प होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार मानले आहे आणि त्यावर परिणामकारक औषधे आहेत.

ओळखण्याची रीत कोणत्याही घरात जमण्यासारखी आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनात स्राव सुरू झाल्याच्या दिवशी एक खूण करायची आणि रोज रात्री दोन-तीन शब्द लिहायचे : ‘कंबर’, ‘झोप नाही’, ‘भांडण’, ‘बरी’. दोन महिने असे केले की चित्र स्पष्ट होते. त्रास पाळीच्या आधी येऊन स्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत निवळत असेल आणि मधले दिवस मोकळे असतील, तर ती पाळीपूर्व लक्षणे. महिनाभर एकसारखाच त्रास असेल तर कारण वेगळे शोधावे. त्यात पहिले नाव रक्तक्षयाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत त्याचे प्रमाण ५४.२ टक्के आढळले. धाप, चक्कर आणि सततचा थकवा पाळीच्या खात्यावर टाकला जातो आणि रक्त कमी आहे हे तपासायचे राहून जाते.

दौंड तालुक्यातील पाटस, आलेगाव आणि शिरूरमधील न्हावरे येथील साखर कारखान्यांभोवतीचा उसाचा पट्टा या विषयातील सर्वांत दुखरी जागा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या पुणे जिल्ह्याच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी फेडायची असते. पहाटे फडात वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायची. पाळीच्या दुसऱ्या दिवशीही हेच. खाडा झाला तर दंड. टोळीच्या झोपडीला, म्हणजे कोपीला, न्हाणीघर नसते, धुतलेले कापड उन्हात वाळत घालायला आडोसा नसतो. ते ओलसरच पुन्हा वापरले जाते. अशा स्थितीत कंबरदुखी, पांढरे जाणे आणि पाळीची कटकट एकत्र आली की ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ हे ऐकून घाबरलेली बाई ऑपरेशनला तयार होते. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. काही शस्त्रक्रिया आवश्यक असतीलच. पण साधा संसर्ग, सामान्य स्राव आणि श्रमाची कंबरदुखी यांचा बंदोबस्त पिशवी काढून करणे हा अन्याय आहे. त्यातून पाळीपूर्व त्रास जाईलच असेही नाही : बीजकोष शाबूत असतील तर संप्रेरकांचे चक्र चालूच राहते, रक्तस्राव तेवढा थांबतो. बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईला एकाएकी रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

दुसऱ्या टोकाला खरा आजार दडून राहतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि आधी कधी स्त्रीरोग-तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ‘बायकांना असायचंच’ या एका वाक्यामागे किती काय झाकले जाते, ते या अभ्यासाने जगाला दाखवले.

शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. तिथे केईएमच्या डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) यांनी गावातल्याच माणसांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले. त्यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाइतकीच माहितीही दारापर्यंत पोचली पाहिजे आणि ती ओळखीच्या बाईने सांगितली पाहिजे, ही त्यांच्या कामातली दृष्टी पाळीच्या विषयाला नेमकी लागू पडते.

गर्भनिरोधकांमुळेही पाळीचे रूप बदलते आणि आधी सांगितले नसेल तर धास्ती बसते. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने स्राव व दुखणे वाढते. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने पाळी अनियमित होते किंवा थांबतेही. रक्त आत साठत नाही, अस्तरच कमी तयार होते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनने बीजकोषांच्या संप्रेरकांवर परिणाम होत नाही. गौरी-गणपती, लग्न किंवा रांजणगावच्या गणपतीच्या दर्शनासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्यांनी छाती दुखणे, पोट फुगणे, मळमळ, उदासी अशी लक्षणे उमटू शकतात. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. शिरांत रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल तर त्या घेऊच नयेत. या गोळ्यांमागची विटाळाची समजूत पाळीत बाहेर बसण्याच्या रीतीतही आहे. त्या बसण्याने विश्रांती मिळते असे समर्थन काही घरांत ऐकू येते. पण विश्रांती द्यायची तर शिवाशिवीची अट घालावी लागत नाही, आणि पाळीतल्या हाताने लोणचे नासत नाही.

पुढील गोष्टी सामान्य मर्यादेबाहेरच्या आहेत : तासा-तासाला पॅड भिजून सलग काही तास तसेच चालणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांपेक्षा जास्त स्राव, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर वर्षभराने पुन्हा डाग दिसणे, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, एरवी नियमित असलेली पाळी तीन महिने न येणे, वर्षागणिक वाढत जाणारे किंवा पाळीबाहेरही राहणारे दुखणे. शेवटच्या लक्षणामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो आणि त्याचे निदान अनेकदा कित्येक वर्षे लांबते. पाळी चुकली असता तीव्र पोटदुखी आणि चक्कर आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भनलिकेत गर्भ राहिल्याची ती खूण असू शकते.

या परिसरात पहिली विचारपूस गावच्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंकडे करता येते. पुढील तपासणीसाठी शिरूर आणि यवत येथे ग्रामीण रुग्णालये व दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. पाळीआधी जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.