शत्रूचा शत्रू

इंग्लंड आणि रशिया यांची १९४१ सालची मैत्री स्नेहापोटी जन्मलेली नव्हती, हे आपण प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. बोल्शेव्हिकांविरुद्ध शस्त्र चालवावे असा आग्रह चर्चिल यांनी १९१९ सालीच धरला होता; उलट स्टालिनने १९३९ च्या ऑगस्टात हिटलरशीच करार केला आणि पुढे पोलंड त्याच्याबरोबर वाटून घेतला. परंतु २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा रशियात घुसल्या आणि त्याच रात्री चर्चिल यांनी नभोवाणीवरून रशियाला साह्याचे वचन दिले. १२ जुलैला करार झाला. त्याचा आशय दोनच गोष्टींचा: परस्परांस मदत करावी आणि कोणी एकट्याने तह करू नये. ऑगस्टअखेर मदतीच्या जहाजांचा पहिला तांडा आर्चेंजलला पोहोचलाही.

पण अशा मैत्रीची किंमत मोजतो कोण? १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सा शहर नाझींविरुद्ध उठले, तेव्हा रशियन सेना पूर्वेकडून जवळ येऊन ठेपली होती. तरी मदत टाकून येणाऱ्या दोस्तांच्या विमानांना आपल्या तळांवर उतरू देण्यास स्टालिन सप्टेंबरपर्यंत राजी झाला नाही. २ ऑक्टोबरला शहर शरण गेले. ज्या पोलंडसाठी इंग्लंड युद्धात उतरले, तोच पोलंड असा एकाकी पडला.

म्हणून ती युती चुकली, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यावाचून हिटलरचा पाडाव होणे कठीण होते. मात्र शत्रू पडल्यावर काय, हे कलम शहाण्याने आधीच लिहून घ्यावे. ते कोरे राहिले, तर ते बलवानच भरतो.