रोटाव्हायरसचे प्रकार

लहान मुलांच्या तीव्र जुलाबांमागचा एक प्रमुख विषाणू. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप व सहकाऱ्यांनी तो शोधला. त्याचा आरएनए ११ तुकड्यांत असतो; एकाच मुलाला दोन प्रकारांची लागण झाली, की तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच प्रकार उपजू शकतो. बाह्य आवरणातील दोन प्रथिनांवरून ‘जी’ व ‘पी’ अशी वर्गवारी करतात. केवळ स्वच्छतेने तो आवरत नाही. श्रीमंत देशांतली मुलेही सुटलेली नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णबालकांच्या शौच-नमुन्यांत जी१पी[८], जी२पी[४] यांबरोबर जी९, जी१२ हेही नोंदवले.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ लस जी१, जी२, जी३, जी४ व जी९ यांवर बेतलेली आहे. महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात रोटा लस २०१९ मध्ये आली. प्रवराकाठच्या कोल्हारमधल्या बाळांसाठीही तिचे वेळापत्रक तेच: ६, १० व १४ आठवडे, तोंडावाटे, मोफत.