छाती बंद करण्याआधी

दिग्रसमध्ये सोनोग्राफी म्हटलं की गरोदर बाई आठवते, आणि दवाखान्याच्या भिंतीवरची ती पाटी: इथे गर्भलिंगनिदान होत नाही. महाराष्ट्राने 1988 साली देशात सगळ्यात आधी त्यासाठी कायदा केला. पण याच यंत्राचा एक भाऊ ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

1950च्या आसपास आकसलेली झडप उघडायची तर सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालायचे. डोळ्यांना काही दिसत नसे, सगळं बोटाच्या भरवशावर. मग हार्ट-लंग मशीन आलं. हृदय थांबवून, उघडून, बघून शिवता येऊ लागलं. तरी नवी पंचाईत झालीच. थांबलेलं हृदय रिकामं असतं. टाका नीट पडलाय का, हे रक्त वाहायला लागल्यावरच कळणार, आणि तोवर हृदय पुन्हा बंद झालेलं!

उत्तर आलं जहाजांच्या कारखान्यातून. 1953 साली स्वीडनमध्ये डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधणारं अल्ट्रासाउंड यंत्र उसनं आणून हृदयावर धरलं. पुढे 1970च्या दशकात सर्जननी प्रोब थेट उघड्या हृदयावर टेकवला, तर 1976 मध्ये अमेरिकेत लिऑन फ्रेझिन यांनी तो अन्ननलिकेतून आत सोडला. अन्ननलिका हृदयाला मागून अगदी खेटून असते, मध्ये ना बरगडी ना फुप्फुस. 1980च्या दशकात जपानी संशोधकांनी वाहतं रक्त रंगात दाखवलं: प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं.

हे कुठे कामी येतं? काही बाळांमध्ये फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा डाव्या कप्प्याऐवजी भलतीकडेच जोडलेल्या असतात. बाळ निळसर पडतं. सर्जन त्या शिरा डाव्या कप्प्याला जोडतात आणि हृदय पुन्हा चालू होतं. मग पडद्यावर बघायचं. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं रक्त जोडापाशी वेगाने उसळत असेल तर जोड अरुंद झालाय. छाती उघडीच असते, तिथल्या तिथे दुरुस्ती होते. आम्ही कोड लाइव्ह करण्याआधी टेस्ट करतो. फरक एवढाच, की चुकलं तर आम्हाला जुनी आवृत्ती परत आणता येते.

फेब्रुवारी 1968 मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. आज नागपूर-मुंबईच्या मोठ्या हृदयकेंद्रांत आहे. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासतात.

पण शिरांची वाट अडलेली असेल तर बाळाकडे अंगणवाडीपर्यंतचा वेळ नसतो. कधी कधी दिवसांचा, कधी तासांचाच प्रश्न असतो. दिग्रसहून यवतमाळ, तिथून नागपूर, हा रस्ता त्याच वेळेतून जातो. थिएटरमधला रंगीत पडदा शेवटची चूक पकडतो. पहिली खूण पकडायला प्रसूतिगृहात बाळाच्या पायाला लावलेला छोटा पल्स ऑक्सिमीटर मदत करतो. तुमच्या घरी बाळ जन्मलं, तर घरी नेण्याआधी विचारा: ऑक्सिजन मोजलात का?