अमूर्त छायाचित्रण : इतिहास, संग्रह आणि सौसरचा दगड

मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याचे छायाचित्र देशभरातील वृत्तपत्रांत बहुधा वर्षातून एकदाच छापून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो आणि एका काठावरचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरचे सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमार या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दिवसाची छायाचित्रे ठरलेली असतात : उगारलेला हात, रक्ताळलेले कपाळ, काठांवरची गर्दी. दगड त्या प्रत्येक चित्रात असतो; मात्र त्याच्याकडे पाहावे असे कोणाला वाटत नाही. ज्या छायाचित्रणाने दगड, भिंत, ढग, सावली यांनाच पाहण्याचा विषय केला आणि ज्याच्या मुद्रित प्रती आज संग्रहालये व खासगी संग्राहक मोल देऊन घेतात, त्या अमूर्त छायाचित्रणाची ही ओळख.

अमूर्त छायाचित्र म्हणजे अस्पष्ट किंवा हललेले छायाचित्र, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. या प्रकारातील कित्येक चित्रे कमालीची रेखीव असतात. फरक असतो तो हेतूचा. नेहमीचे छायाचित्र ‘हे काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर देते. अमूर्त छायाचित्र तो प्रश्न बाजूला ठेवून रेषा, पोत, प्रकाश आणि रिकामी जागा यांच्यातील नाते दाखवते. चित्रकाराला अमूर्ताकडे जाणे तुलनेने सोपे, कारण त्याचा कॅनव्हास मुळात कोरा असतो. छायाचित्रकारासमोर मात्र सारे जग आधीच उभे असते. त्याला जोडावे लागत नाही, वगळावे लागते. या कलेची सारी अवघड बाजू या वगळण्यात आहे.

या प्रकाराचा औपचारिक आरंभ पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. १९१६ साली पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने घरातले वाडगे आणि व्हरांड्यात पडलेल्या कठड्याच्या सावल्या इतक्या जवळून व तिरक्या कोनातून टिपल्या, की वस्तू मागे पडून केवळ आकार उरले. त्याच वर्षी आल्विन लँग्डन कोबर्न यांनी ‘अमूर्त छायाचित्रण’ या नावाचे प्रदर्शन भरवावे अशी सूचना लेखातून मांडली आणि लगेच कामालाही लागले. तीन आरसे त्रिकोणात बांधून त्यांनी एक उपकरण तयार केले. त्यातून घेतलेली स्फटिकांसारखी तुटक चित्रे फेब्रुवारी १९१७ मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबात लागली. या चित्रांना ‘व्होर्टोग्राफ’ म्हणतात. पुढे क्रिस्टियान शाद, मॅन रे आणि लास्लो मोहोली-नॉज यांनी कॅमेराच दूर सारला. प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून त्यावर थेट प्रकाश पाडला. अर्थात ही युक्ती नवी नव्हती. छायाचित्रणाच्या जन्मकाळीच विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी पाने व जाळीची कापडे अशीच छापली होती. नवे होते ते त्यामागचे धाडस : जगातल्या वस्तूची ओळख पटली नाही तरी चित्र उभे राहते, हे म्हणण्याचे.

संग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा माणूस आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. १९२२ पासून त्यांनी लेक जॉर्ज येथील आपल्या घरून ढग टिपायला सुरुवात केली. पुढे या मालिकेला त्यांनी ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हणजे ‘समतुल्ये’ असे नाव दिले. क्षितिज नाही, झाड नाही, वर-खाली कळायला आधार नाही. तळहाताएवढ्या कागदावर केवळ काळ्या-करड्या छटा. माझी छायाचित्रे चांगली वाटतात ती समोरच्या माणसांच्या प्रभावामुळे, असा आक्षेप घेणाऱ्यांना हे उत्तर होते, कारण ढग सर्वांचेच आहेत. आणि येथे एक धागा आपल्याकडे येतो. सिलोनमधील तमिळ पित्याचे पुत्र आणि भारतीय कलेचे थोर भाष्यकार आनंद कुमारस्वामी तेव्हा बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात होते. १९२४ साली त्यांच्या पुढाकाराने स्टिग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे त्या संग्रहालयाने कलाकृती म्हणून स्वीकारली. मोठ्या अमेरिकन संग्रहालयाचे दार छायाचित्राला उघडले ते असे. भारतीय मूर्तिशिल्पाचा अभ्यास करता करता ज्याला रूपामागचे तत्त्व दिसू लागले होते, त्याच्याच हातून हे घडावे यात योगायोगापेक्षा काही अधिक आहे, असे वाटते.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४० मध्ये छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या दशकात आरोन सिस्किंड यांनी पोपडे सुटलेल्या भिंती, फाटलेल्या जाहिराती आणि एकमेकांवर टेकलेले खडक यांची सपाट, खोली नसलेली चित्रे घेतली. अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार त्यांचे स्नेही होते, आणि त्यांच्या कॅनव्हासशेजारी सिस्किंड यांचे चित्र ठेवले तर कोण कोणाकडून शिकले हे सांगणे कठीण जाते. नियमित लिलाव मात्र १९७०च्या दशकातच रुळले.

भारतात छायाचित्रण फार लवकर आले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. परंतु येथे कॅमेऱ्याला कामे नेमून दिली गेली : व्यक्तिचित्र, लेण्यांची नोंद, सर्वेक्षण, पुढे लग्न. छायाचित्राने काहीतरी दाखवलेच पाहिजे, ही अपेक्षा शंभर वर्षे हटली नाही.

ती हटवण्याचे श्रेय चित्रकारांकडे जाते, आणि त्या कथेत गोव्याचा वाटा आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात, गोमंतकीय कुटुंबात झाला. नागपूर म्हणजे सौसर-पांढुर्ण्याचे सर्वांत जवळचे मोठे शहर. एक गाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, दुसरे नागपूर-इटारसी लोहमार्गावर. स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘अवस्तुनिष्ठ’ म्हणणे गायतोंडे पसंत करीत. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या सान्निध्यात एक तरुण चित्रकर्ती आली, नसरीन मोहमदी. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या, लंडन व पॅरिसमध्ये शिकलेल्या नसरीन १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवीत, आणि अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे समुद्रकाठचे घर होते. शाई-पेन्सिलीच्या त्यांच्या रेषाचित्रांची ख्याती आज जगभर आहे. त्या सतत छायाचित्रेही घेत. ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या पाण्याच्या रेघा, रस्त्यावरचे पट्टे, मागावर ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीतल्या दगडी कडा. वस्तू ओळखू येते न येते तोच ती रेषा होऊन जाते. ही छायाचित्रे त्यांनी हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत, त्यांना शीर्षके दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. १९९० साली किहीमलाच त्यांचे निधन झाले. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी वास्तू उघडली तेव्हा आरंभीच्या दोन प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचे होते, आणि रेषाचित्रांबरोबर त्यात छायाचित्रेही होती.

त्याच काळातला दुसरा प्रयोग मुंबईतला. अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या रकमेतून १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तेथे नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याविना छायाचित्रे केली. कार्यशाळा तीनेक वर्षेच चालली. पण भारतीय अमूर्त छायाचित्राचा संग्रह करू पाहणाऱ्याने तिचे नाव लक्षात ठेवावे.

नसरीन यांची किहीमची वाळू पाहिल्यावर पांढुर्णा-सौसरकडे पुन्हा पाहावेसे वाटते. छिंदवाड्यातून वेगळा होऊन २०२३ मध्ये पांढुर्णा हा जिल्हा झाला. हे दोन तालुके म्हणजे तो जिल्हा. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. बाहेरच्यांना त्याची ओळख संत्री आणि गोटमार एवढीच. भूवैज्ञानिकांना मात्र सौसर हे नाव जगभर ठाऊक आहे, कारण नागपूर-भंडारा-बालाघाट-छिंदवाडा पट्ट्यातील मँगनीजधारी प्राचीन खडकांना ‘सौसर समूह’ असेच म्हणतात. त्यांचे रूपांतरण सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचे मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली मँगनीजावर मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि यातल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडाइटमध्ये दोन मुख्य खनिजे : क्वार्ट्झ आणि स्पेसर्टाइन गार्नेट, ज्याचा रंग पिवळसर नारिंगी असतो. पट्ट्यापट्ट्यांचा हा दगड मुळातच एखाद्या रेषाचित्रासारखा दिसतो. त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की क्वार्ट्झचे कण करड्या-पांढऱ्या छटांत उजळतात आणि गार्नेट मात्र पूर्ण काळे पडते, कारण त्यातून जाताना प्रकाशाचे दुभाजन होत नाही. अभ्यासक हे दृश्य नोंद म्हणून टिपतात. त्यावरची मोजपट्टी आणि नमुना क्रमांक काढून ते भिंतीवर लावले तर कोबर्न यांच्या स्फटिकचित्रांच्या शेजारी खपून जाईल. तरीही नोंद आणि कलाकृती यांत अंतर आहे. काप कोठला, चौकट कोठे थांबवायची, छापताना काळा किती गडद ठेवायचा, हे निर्णय कोणीतरी कलेच्या हेतूने घेतल्याखेरीज ते अंतर मिटत नाही.

पांढुर्ण्याकडचा बराच भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टवर वसला आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन, संत्र्याच्या बागांतली खोडे, सौसर भागातल्या हातमागावरचे ताणे, असा पुष्कळ ऐवज तेथे पडून आहे. गोटमारीच्या दिवशी तेथे कॅमेऱ्यांची कमतरता नसते.

आता मोलाचा प्रश्न. ज्यात काही ‘दिसत’ नाही आणि ज्याच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात, त्यासाठी पैसे का मोजावेत? दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे : प्रतींची संख्या कलावंत आधीच बांधून घेतो. प्रतीच्या मागे ‘३/१०’ असे लिहिले असेल तर ती दहांपैकी तिसरी. आंद्रेआस गुर्स्की यांच्या १९९९च्या ‘ऱ्हाइन २’ या चित्राच्या सहाच प्रती आहेत. त्यांतली एक नोव्हेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरांना गेली आणि त्या वेळी तो छायाचित्राचा उच्चांक ठरला. चित्रात काय आहे? हिरव्या-करड्या आडव्या पट्ट्या. नदीकाठचा कारखाना गुर्स्की यांनी संगणकावर पुसून टाकला. याउलट पीटर लिक यांचे ‘फँटम’ हे दरीतल्या प्रकाशझोताचे चित्र ६५ लाख डॉलरांना विकल्याची घोषणा २०१४ मध्ये झाली. परंतु तो व्यवहार खासगी, खरेदीदार अनाम. अशा आकड्यांवरून बाजाराचा अंदाज बांधू नये. भारतात रंगचित्र आणि छायाचित्र यांच्या बाजारपेठांत फार मोठी दरी आहे. गायतोंडे यांचे १९६१चे एक चित्र मार्च २०२१ मध्ये ३९.९८ कोटी रुपयांना विकले गेले; छायाचित्र या पातळीच्या जवळपासही नाही. नव्या संग्राहकाला ही दरी अडचण न वाटता संधी वाटावी, असे आमचे मत आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र पैशांत देता येत नाही. वृत्तछायाचित्र एकदा कळले की संपते. ज्यात वस्तूचे नाव सापडत नाही ते चित्र रोज थोडे वेगळे दिसते, आणि घरातल्या भिंतीवर तेच टिकते.

विकत घेताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रत कलावंताच्या हयातीत, चित्र घेतल्यानंतर लवकर काढलेली आहे की नंतरची? आवृत्ती किती प्रतींची, आणि दुसऱ्या आकारात निराळी आवृत्ती आहे काय? कागद व प्रक्रिया कोणती : चांदीचा जिलेटिन कागद, प्लॅटिनम की रंगद्रव्याच्या शाईचे मुद्रण? सही आणि प्रमाणपत्र आहे का? प्रत विकत घेतली म्हणून स्वामित्वहक्क मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. घेतलेले चित्र दिनदर्शिकेवर छापायचे असेल तर वेगळी परवानगी लागते.

गोव्यात खरा शत्रू पावसाळा. जिलेटिनवर बुरशी धरते, म्हणून हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवता आली तर उत्तम. चौकटीत चित्र काचेला टेकू नये, मधे आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी असावी. प्लायवर डिंकाने चिकटवलेली प्रत तर संग्राहकाच्या दृष्टीने गेलीच. बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा चौकट आतल्या भिंतीवर लावावी. पांढुर्णा-सौसरच्या बाजूला ओलीपेक्षा वैशाखातले ऊन अधिक घातक : खिडकीसमोरची जागा टाळावी, अतिनील किरण अडवणारी काच घालावी, आणि रंगीत प्रत काही महिने भिंतीवर राहिली की तितकेच महिने सपाट पेटीत, अंधारात ठेवावी.